सार्वजनिक उद्यानातील पाणीबचत : नूतन अधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शहरात पाणीकपात जाहीर झाली की उद्यानात सर्वप्रथम 'पाणी वाचवा' हा फलक लावावा. फलकाच्या पायथ्याशी हिरवळ असावी. दोन्हींचा फोटो एकत्र चांगला येतो.

पाणी घालण्याची वेळ दुपारी बारा ते दोन. पहाटे घातलेले पाणी मुकाट्याने मुळांशी जाते, त्यात कोणाला काम दिसत नाही. भर उन्हात तुषार उडवावेत. बरेचसे पाणी वरच्या वर वाफ होऊन गेले तरी ये-जा करणाऱ्यांना खात्याची तत्परता दिसते. मूठभर माती दाबून 'अजून वाफसा आहे, आज पाणी नको' म्हणणारा एखादा माळी निघतोच. त्याची बदली दफनभूमीकडे करावी.

हिरवळीबाबत तडजोड नाही. दिवसाला 5 मिलिमीटर धरले तरी एकराला सुमारे 20 हजार लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजारी दोन टँकर. माणशी 135 लिटरच्या सरकारी मापाने हे दीडशे माणसांचे पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. पंचवीस एकर हिरवळीने ते एका दिवसात संपवले असते. हा हिशेब सभागृहात कोणी मांडलाच, तर विषय पुढील बैठकीवर ढकलावा.

कडुनिंब, करंज, बहावा लावू नयेत. दोन-तीन उन्हाळे जगवली की ही झाडे फारसे पाणी मागत नाहीत, मग टँकरचे बिल काढायचे कशावर? आळ्यातला पालापाचोळाही ठेवू नये. त्याने ओल टिकते.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी बागेला चालते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी बोलू नये. ते नदीत सोडावे आणि बागेसाठी धरणाचे पिण्याचे पाणी पंपाने चढवून आणावे. ठिबक मात्र जरूर बसवावे, कारण उद्घाटन करता येते. फक्त फिल्टर धुवू नये. गाळ साचून ड्रिपर बुजले की रबरी पाइप सन्मानाने परत येतो.

गळक्या व्हॉल्व्हला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी, वर सुतळी बांधावी. ट्यूबखालून ठिबकणाऱ्या पाण्यावर काही महिन्यांत अळू माजते. साऱ्या बागेत खरे ठिबक सिंचन एवढेच चालू असते, आणि तेही विनाअनुदान.

आता दोन शब्द नागरिकांसाठी, खात्याला न कळवता. मे महिन्यात बागेतले गवत पिवळे पडले म्हणून तक्रार अर्ज करू नका. हरळी वरून वाळली तरी मुळाशी जिवंत असते. जूनमध्ये पाऊस पडला की ती फुकटात हिरवी होते.