रूट असाल तुमच्या घरी

सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात एखादे तरी लॅबवाले सर असे भेटतातच. हुद्दा असिस्टंटचा, रुबाब कलेक्टरचा. लॅबमधल्या एकाही मशीनला हार्ड डिस्क नाही. बटण दाबलं की सगळा संसार नेटवर्कवरून, सरांच्या सर्व्हरवरून येतो. वाचायला सगळ्यांना मोकळीक. लिहायचं कोणी, ते सर ठरवणार. मशीनला काही खरडायचंच असेल तर रॅममध्ये खरडावं. पोरांनी हौसेने लावलेला हिरॉइनचा वॉलपेपर सकाळी गायब असतो, तो त्यामुळे.

नेटवर्कवरून फाइली पुरवायची ही सोय, एनएफएस, सन कंपनीने १९८४ साली काढली. सर त्या कंपनीचं नाव सिद्धेश्वर महाराजांच्या खालोखाल घेतात. त्यांचा जीव मात्र कोणाला काय परवानगी ते ठरवणाऱ्या ‘एक्स्पोर्ट्स’ फाइलीत. तिथे मशीनचं नाव आणि पुढचा परवानगीचा कंस यांच्यात चुकून एक स्पेस पडली, तर त्या मशीनला नुसतं वाचायला मिळतं आणि लिहायची परवानगी जाते अख्ख्या जगाला! म्हणून सर प्रत्येक ओळीवरून बोट फिरवतात, चादरीत सुटलेला धागा शोधावा तसं.

“सर, एवढा एक फोल्डर रायटेबल करा की.”

“कशाला बे?”

“प्रोजेक्ट ठेवायचंय.”

“तुझ्या होममध्ये ठेव.”

“कोटा संपला, सर.”

“मग सिनेमे काढ.”

विभागप्रमुखांनी एकदा थेट रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वेसर्वाचा, पासवर्डच मागितला. सरांनी हसत हसत दिला. साहेब खूश. पण आपल्या मशीनवरचा हा राजा सर्व्हरच्या दारात आला, की रूट-स्क्वॉश त्याला ‘नोबडी’ करून टाकतं. फाइल काही सेव्ह होईना. “अधिकार दिलाय की साहेब,” सर म्हणाले, “लिहायचं तेवढं जमायचं नाही.” (घरी दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेबही म्हणे सरांशिवाय कोणी मांडत नाही.)

दुपारी कोणाचा तरी पाय सर्व्हरच्या केबलला लागतो आणि सगळी लॅब गोठते. पडद्यावर ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’. पोरं धावत येतात. सरांपुढे कडक भाकरी, शेंगा चटणी.

“मशीन थांबतंय नव्हं? तुलाच कसली घाई बे?”

चटणी संपते, डबा झाकला जातो, हात धुतले जातात, मग सर पिन दाबतात. ‘सर्व्हर ओके.’ जिथे अडलं होतं तिथूनच काम पुढे सुरू. सरांचा चेहरा खुललेला बघून एक पोरगा पुढे सरकतो.

“सर, आता तरी तो फोल्डर...”

“आहे ते वाच की बे आधी.”