बाटलीच्या पुढच्या बाजूच्या लेखकास

रा. रा. लेबललेखक महाशय यांस,
सा. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही. आपल्या कंपनीचं ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला? मात्र मी आपला निष्ठावंत वाचक आहे. हल्ली कवितासंग्रह कुणी विकत घेत नाही म्हणतात. आपलं काव्य मात्र लोक रांगेत उभं राहून, वर जीएसटी भरून घेतात.

परवा आमची सात वर्षांची नात आपली आंब्याच्या पेयाची बाटली घेऊन घरी आली. समोर मोठ्या अक्षरांत ‘१०० टक्के नैसर्गिक’. खाली पिकून केशरी झालेला हापूस, त्याला हिरवंगार पान आणि पानावर दवबिंदू. माझं बालपण रत्नागिरीकडचं, म्हणून विचारतो, हे झाड कुठलं? आमच्याकडे आंबा तयार झाला की काढतात आणि पेंढ्याच्या अढीत पिकवतात. तोवर पानाचा आणि त्याचा काडीमोड झालेला असतो. आणि कोकणात मे महिन्यात अंगावर घामाच्या धारा असतात, पानावर दव नसतं. पण असो. कवीला एवढी सूट द्यायलाच हवी.

मग मी बाटली फिरवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे मागचं वाचता आलं. आपण हा धोका लक्षात घेतला नसावा. तिथे क्रमाने होतं : पाणी, साखर, आंब्याचा गर (१४ टक्के), आम्लता नियंत्रक ३३०, प्रिझर्व्हेटिव्ह २११, रंग ११०, नेचर आयडेंटिकल फ्लेवर. नातीला ते बेस्टच्या बसचे नंबर वाटले. “आजोबा, ३३० कुठे जाते?” मी म्हटलं, “पोटात.”

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे आपल्या आंब्याच्या पेयात पहिला मान पाण्याचा, दुसरा साखरेचा, आंबा तिसऱ्या पाटावर. लग्नात नवरदेवाला वऱ्हाडाच्या मागे बसवावं तसं हे झालं. तरी आपलं औदार्य मान्य केलं पाहिजे. अशा पेयात फळाचा अंश किमान १० टक्के असावा, असं नियम सांगतो. आपण १४ टाकलात. वरचे चार टक्के दानधर्मच म्हणायचे.

गैरसमज नको. ३३० वर माझा राग नाही. ते सायट्रिक आम्ल. लिंबात असतंच, कारखान्यात ते साखरेच्या द्रावणावर एक काळी बुरशी वाढवून मिळवतात. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट. ते नसतं तर बाटली आमच्या घरी पोचेपर्यंत फसफसली असती. मर्यादेत वापरायला दोघांनाही परवानगी आहे. ११० चं नाव तर ‘सनसेट यलो’. सूर्यास्त नैसर्गिकच असतो, हा आपला युक्तिवाद मी आधीच मान्य करून टाकतो. रंग अर्थात प्रयोगशाळेतला. माझी तक्रार एवढीच, की ज्यांच्या जिवावर आपली बाटली उभी आहे त्यांना मागच्या दारी आकडे लावून उभं केलंत आणि पुढच्या ओटीवर बसवलंत दवबिंदूंना.

आणि ते ‘नेचर आयडेंटिकल’! निसर्गातल्या रेणूची हुबेहूब प्रत, बहुधा रसायनशाळेत घडवलेली. प्रत वाईट असते असं नाही. पण रेशनकार्डाची झेरॉक्ससुद्धा ‘मूळ प्रत’ म्हणून कुठल्या खिडकीवर चालत नाही.

आता आपण म्हणाल, ‘नैसर्गिक’ या शब्दाचा नेमका अर्थ कुणाला ठाऊक आहे? अहो, सरकारने तो लिहून ठेवलाय. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांत या शब्दाच्या अटी आहेत. पदार्थ एकच हवा, त्यात काही मिसळलेलं नको, आणि खाण्याजोगं करण्यापुरतीच प्रक्रिया हवी. म्हणजे भाजणं, वाळवणं, गोठवणं, पाश्चरीकरण वगैरे. अनेक जिनसा एकत्र केलेल्या पदार्थाला ‘नैसर्गिक’ म्हणताच येत नाही. प्रत्येक घटक या कसोटीला उतरला, तर फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेले’ म्हणा. या हिशेबाने आमच्या स्टेशनबाहेरचा शेंगदाणेवाला पास होतो. फक्त पुडी वर्तमानपत्राची असते, त्याबद्दल त्याला दटावायला हवं. आपण नापास. पण तो पुडीवर काही लिहीत नाही, आणि आपण लिहिता.

आपल्या व्यवसायबंधूंनी यावरही तोड काढली आहे : शब्द ब्रँडच्या नावातच घालायचा. तीही नियमाने हेरली आहे. नावातल्या ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘अस्सल’ अशा विशेषणाने गिऱ्हाईक फसणार असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे, असं किमान ३ मिलिमीटरच्या अक्षरांत छापावं लागतं. साबुदाण्याएवढ्या अक्षरांत सत्य, नारळाएवढ्या अक्षरांत कल्पना.

‘१०० टक्के’चंही तेच. अर्कात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढा, असं प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये बजावलं. मे २०२५ मध्ये तर ‘१०० टक्के’ हा शब्दप्रयोगच टाळा म्हणून सांगितलं, कारण नियमांत त्याची व्याख्याच नाही. ‘सेंद्रिय’ म्हणायचं झालं तर प्रमाणपत्र आणा, शेत तपासू द्या, मग ‘जैविक भारत’चं चिन्ह लावा. ‘नैसर्गिक’साठी आधी कुणी दार ठोठावत नाही. एवढा बिनखर्चाचा शब्द आपल्याला प्रिय नसता, तरच नवल.

शिवाय नैसर्गिक म्हणजे गुणकारी, हे आपल्याला कुणी सांगितलं? धोतरा नैसर्गिकच आहे. घशाला खाज आणणारा अळूही. दुधीच्या कडू रसाने माणसं दगावली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने लोकांना सांगितलं, की रस कडू लागला तर पिऊ नका. त्या दुधीत ३३० नव्हतं, २११ नव्हतं. होता तो निव्वळ, निर्भेळ निसर्ग.

इथवर आलो आणि लेखणी अडखळली. माझी आई गूळ घ्यायची तो पिवळाधमक. काळपट ढेप आली की वाण्याला परत. गुऱ्हाळात रानभेंडीचा चीक घालून मळी काढतात, पण त्याने गुळाला सोन्याचा रंग येत नाही. तो येतो हायड्रॉस नावाच्या गंधकयुक्त पावडरीने. गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश किती चालेल याला मर्यादा आहे, दहा लाख भागांत ७० भाग. पण रंगाच्या हव्यासाला मर्यादा नव्हती. बाजारात काळपट गुळाला भाव कमी, म्हणून गुऱ्हाळवाला पावडर टाकायचा. ती टाकायला त्याला आम्हीच लावलं. आता तोच काळपट गूळ आपण ‘नॅचरल’ म्हणून खाकी पुड्यात घालून दुप्पट भावाने विकता, आणि मी तो आईच्या फोटोला नैवेद्य म्हणून ठेवतो. गुन्ह्यात आमची भागीदारी आहे, हे कबूल.

तरी एक विनंती. पुढची बाटली मागच्या बाजूने लिहायला सुरुवात करा आणि जागा उरली तरच पुढे या.

कळावे, लोभ आहेच, तो किंचित कमी व्हावा ही विनंती.

आपला,
(पाणी, साखर आणि मग मी)
एक गिऱ्हाईक

ता. क. : या प्रकरणानंतर घरी कैरीचं पन्हं केलं. नातीने बाटलीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली : ‘पाणी, गूळ, कैरी, मीठ, वेलची. उद्यापर्यंत संपवा.’ चित्र काढलं नाही. कैरी हिरवी आणि पन्हं पिवळट, मग कुठला रंग देऊ, म्हणाली. आजी मात्र चिठ्ठी वाचून भडकली. “गूळ कैरीच्या आधी कशाला लिहायचा? पाहुणे येणार आहेत!” आपल्याकडे जागा रिकामी असेल तर कळवा. नातीला आपण घेणार नाही, हे मला माहीत आहे. आजीसाठी विचारतोय.