सहा वायरी आणि एक कूलर

सोनी आणि फिलिप्सने १९९९मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली, आणि उंची आवाजासोबत गिऱ्हाइकावरचा संशयही त्याच डबीत भरून दिला. साध्या सीडीचा आवाज एका ऑप्टिकल वायरीतून मुकाट जातो. हिचा नाही, कोणी कॉपी केली तर? म्हणून पाच स्पीकर आणि सबवूफरसाठी प्लेअरमागून सहा अ‍ॅनालॉग वायरी ओढायच्या. २००५च्या एचडीएमआय १.२ने ते काम एका वायरीवर आणलं, तोवर जग एमपीथ्रीवर खूश होतं.

वर्ध्यात हे वैभव मे महिन्यात पारखावं. पारा ४५ला टेकलाय, खिडकीत कूलर घरघरतोय, आणि भाऊ डोळे मिटून २० किलोहर्ट्झच्या वरचे सूर ऐकताहेत! माणसाचा कान तिथे संपतो. गल्लीतल्या कुत्र्याचा संपत नाही, पण त्याला सोफ्यावर कोण बसवणार? कूलर बंद करा म्हणावं, तर वहिनी आधी प्लेअर बंद करतील.

आठ किलोमीटरवर सेवाग्राम. तिथे व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोन आजही पाहायला मिळतो. त्याला सबवूफर नव्हता. दिल्लीला मात्र नीट ऐकू जायचं.