डोक्याला ताप

कुरळ्या केसांच्या मुलीला स्वतःच्या केसांबद्दल मत असावं लागत नाही. ते काम बाकीची मंडळी हौसेने करतात. शाळेत मला ‘सत्यसाई’ म्हणत. पुढे दोन मिनिटांच्या शेवया घरोघरी पोचल्या आणि मला दुसरं नाव मिळालं. आत्या म्हणायची, ‘‘कुरळ्या केसांची माणसं तापट असतात.’’ मी मुळात तापट नव्हते. पण हे वाक्य दर सुट्टीत ऐकल्यावर कोण शांत राहील?

आईचा चर्चेपेक्षा कृतीवर विश्वास. रविवारी शिकेकाईने न्हाणं झालं, केस खडखडीत वाळले, की ती मला पायांच्या कचाट्यात बसवून बारीक दातांच्या कंगव्याने गुंता काढायची. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घातला की वळणं मोडतात आणि केस चहूबाजूंनी फुगतात, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की आई दमली की खोबरेलाची वाटी येते. मग त्या तेलात दोन वेण्या, काळ्या रिबिनी आणि वर बांधलेले फासे. वेण्या इतक्या घट्ट असायच्या, की सोमवारचा अख्खा दिवस माझ्या भुवया वर चढलेल्या असत. भूगोलाच्या बाईंना वाटे, या मुलीला विषयात फारच गोडी आहे.

लग्नाचं वय झालं तेव्हा शहरात रीबाँडिंगची लाट आलेली होती. लग्नाआधी मुलीचे दात सरळ, केस सरळ. स्वभावाचं नंतर बघू, असा एकूण हिशेब होता. सकाळी पार्लरच्या खुर्चीत बसायचं ते दिवेलागणीला उठायचं. आधी एक मलम लावतात. त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो, आणि तो यायलाच हवा, कारण सगळा मामला गंधकाचा आहे. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनातल्या गंधकाच्या अणूंनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. मलमातलं थायोग्लायकोलेट ते हात सोडवतं. मग बोटभर बट घेऊन ती तापलेल्या इस्त्रीने ताणून सरळ करायची, वरून हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि त्या बिचाऱ्या अणूंना नव्या जागी पुन्हा हात धरायला लावायचं.

त्यानंतर तीन दिवस सोवळं. केस भिजवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, पिन लावायची नाही, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत; नाहीतर तिथे कायमचा वाक पडतो. आमच्या घरी कांदेपोह्यांचा मुहूर्त नेमका या सोवळ्यात आला. बशी पुढे करताना मान खाली घातली तर केस पोह्यांत, आणि कानामागे घ्यायची सोय नाही. म्हणून मी मान ताठ, नजर समोर, असा सगळा कार्यक्रम पार पाडला. ‘‘मुलगी लाजत-बिजत नाही, आत्मविश्वास आहे,’’ असं मुलाच्या आईने नंतर कळवलं. होकार त्यावर आला.

आता, औषध लागतं ते कातडीबाहेर आलेल्या केसाला. आत, ज्या पिशवीतून केस उगवतो, तिचा आकार जन्माचाच. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. दिवाळसणापर्यंत माझ्या डोक्यावर वर कुरळं आणि खाली सरळ असं युतीचं सरकार आलं होतं. सासूबाईंनी बरेच दिवस पाहिलं आणि मग मायेने विचारलं, ‘‘हे असं कधीपासून होतंय गं?’’

‘‘जन्मापासून, आई.’’

‘‘मग तेव्हाच डॉक्टरांना नाही का दाखवलं तुझ्या घरच्यांनी?’’

केस सरळ करणाऱ्या औषधांचा इतिहास मी नंतर वाचला. त्यात गॅरेट मॉर्गन नावाचा अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय संशोधक भेटतो. हा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. वेगाने चालणाऱ्या सुईने लोकर करपू नये म्हणून तो एक द्रव तयार करत होता. सांगतात ते असं, की त्याने हात कापडाला पुसले आणि कापडावरची लव सरळ झाली. मग त्याने प्रयोग केला तो शेजाऱ्याच्या केसाळ कुत्र्यावर, आणि नंतर स्वतःवर. १९१३ मध्ये त्याने हे मलम विकायला कंपनीच काढली. याच गृहस्थाने पुढे रस्त्यावरच्या रहदारीसाठी तीन खुणांचा सिग्नल बनवून १९२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुण्यात त्याचा दुसरा शोध कुणी मनावर घेतला नाही. पहिल्याचं मात्र आम्ही सोनं केलं.

दर वर्षी रीबाँडिंग परवडेना, तेव्हा घरात इस्त्री आली, केसांची. तिच्या मुठीजवळ लाल आकडे उमटायचे आणि चढत चढत २३० वर थांबायचे. नानकटाई आम्ही १८० अंशांवर भाजतो, आणि तीही करपेल म्हणून समोरून हलत नाही. ऑफिसच्या घाईत अर्धवट ओल्या बटेवर ती इस्त्री फिरवली की चर्र असा आवाज येऊन वाफ निघायची. ही वाफ केसाच्या आतल्या पाण्याची. ते पाणी उकळून केसाच्या दांड्यात बुडबुडे धरतात आणि केस तिथेच तुटतो. टोकांना फाटे फुटले. विषयाला फाटे फोडणारी माणसं आमच्या घरात भरपूर आहेत, पण हे फाटे पुन्हा जुळत नाहीत. जाहिराती काहीही म्हणोत, केस बाहेर आला की तो निर्जीव. त्याला जखम भरून काढायची सोय नाही. कात्री हाच उपाय.

तो उपाय कुणी सांगितला नाही, कारण त्यात पार्लरला पैसे मिळत नाहीत. त्यांनी ‘केरॅटिन’ सुचवलं. मला मराठी शाळेत शिकल्याचा फायदा असा की कुणी प्रथिन म्हटलं की मी विश्वास ठेवते. केसाला केरॅटिन कमी पडलंय, वरून घालू. किती सरळ हिशेब. पार्लरमधल्या मुलीने स्वतःला मास्क लावला, खिडकी उघडली आणि मला म्हणाली, ‘‘मॅडम, डोळे मिटून घ्या, थोडं चुरचुरेल.’’ इस्त्री लागताच जो वास उठला तो माझ्या ओळखीचा होता. अकरावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्यांमध्ये बेडूक ठेवत, तो वास. अशा बऱ्याच औषधांतून तापल्यावर फॉर्माल्डिहाइड निघतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने २०११ मध्येच तिथल्या पार्लरवाल्यांना त्याचा इशारा दिला होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था ते कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरते. हे मी वाचलं ते बिल भरल्यावर. केस काही महिने अप्रतिम दिसले. बरणीतला बेडूकही वर्षानुवर्षे ताजा दिसतो.

मग मी केस कापायला गेले. सरळ, करपलेला भाग सगळा काढून टाकायचा; वर जो मूळचा कुरळा उगवलाय तेवढाच ठेवायचा. कात्री हातात घेऊन बाई थबकली. ‘‘एवढे? घरी विचारलंय का?’’ विचारलं नव्हतं. घरी पोचले तर स्वयंपाकाच्या मावशींनी लाटणं खाली ठेवलं. ‘‘ताई, टायफॉइड झाला होता?’’ लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, ‘‘दर्शन चांगलं झालं का? गर्दी होती तिरुपतीला?’’ मी ‘‘झालं’’ म्हटलं. गंधकाच्या अणूंपासून सुरुवात करायला लिफ्ट फार लहान होती. नवऱ्याने बराच वेळ पाहिलं आणि ‘‘छान मोकळं मोकळं वाटतंय’’ म्हणाला. हेच वाक्य तो सोफा विकल्यावर हॉलबद्दल म्हणाला होता.

आता केस ‘नैसर्गिक’ ठेवायचे म्हणजे काही करायचं नाही, असा माझा समज. प्रत्यक्षात नैसर्गिक दिसायला जेवढी मेहनत लागते, तेवढ्यात माणूस बी.एड. होईल. नियम पाहा. कोरड्या केसात कंगवा नाही. ओल्या केसात बोटांनी, किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, तेही टोकापासून सुरू करून वर जायचं. आईने आयुष्यभर वरून खाली ओढलं. रोज शाम्पू नाही, कारण डोक्यावरचं तेल वळणं उतरत उतरत टोकापर्यंत पोचत नाही आणि कुरळे केस मुळातच कोरडे. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणं वर्ज्य; जुना मऊ सुती टी-शर्ट वापरा म्हणतात. आमच्याकडे टी-शर्ट कशाला, आजोबांचे पंचे होते. धुऊन धुऊन इतके तलम झालेले, की परदेशी बायकांनी पाहिले असते तर डॉलर मोजले असते. झोपताना सॅटिनचा अभ्रा, कारण सुती अभ्र्यावर केस घासतात. मी जुन्या सॅटिनच्या परकराचा अभ्रा शिवला. केस सुखी झाले. डोकं मात्र रात्रभर उशीवरून घसरत राहतं आणि पहाटे नवऱ्याच्या खांद्यावर येऊन थांबतं. त्याचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

पण खरा कारभार जवसाचा. दोन कप पाण्यात पाव कप जवस घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग पाण्याला फेस येतो, चमच्याला तार सुटू लागते आणि बघता बघता अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत बलक तयार होतो. इथे क्षणाचा विलंब चालत नाही. गरम असतानाच गाळला तर गाळला. गार झाल्यावर बी आणि बलक यांना ब्रह्मदेवही वेगळं करू शकत नाही. चहाची गाळणी कुचकामी. मी जुन्या ओढणीचा तुकडा वापरते. पुरचुंडी बांधून वरून चिमट्याने पिळायची, हात भाजू न देता. बलक सुळ्ळकन वाटीत उतरतो. तो ओल्या केसांना लावून बटा मुठीत चुरगळायच्या आणि वाळू द्यायच्या. वाळताना केस कडक होतात, मग पुन्हा चुरगळले की कडकपणा मोडतो आणि आत मऊ वेटोळं निघतं.

वाणी विचारतो, ‘‘ताई, चटणी लईच खपते वाटतं तुमच्यात?’’ वाटी फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आठवडाभर टिकते. एकदा दिरांनी ती रात्री खिमट समजून साखर घालून खाल्ली. ‘‘चव नाही, पण पोटाला हलकं आहे,’’ असं प्रशस्तिपत्र दिलं आणि सकाळी दुसरी वाटी मागितली.

या सगळ्या विद्येचं माहेर मात्र आपल्याकडचं नाही, हे सांगायला हवं. ती आली कृष्णवर्णीय अमेरिकी बायकांकडून. त्यांच्या केसांवर पिढ्यान्‌पिढ्या कॉस्टिकची मलमं आणि तापलेले लोखंडी कंगवे चालले, कारण मूळच्या केसांनी नोकरी जायची, शाळेतून घरी पाठवायचे. केसांच्या ठेवणीवरून असा भेदभाव करू नये यासाठी कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये कायदा करावा लागला. माझं दुःख आत्यापुरतं होतं. त्यांनी लढून मिळवलेलं मी मोबाइलवर फुकट पाहून आजोबांच्या पंच्यात गुंडाळते, याची थोडी लाज वाटते. फार नाही, कारण गुंडाळल्याशिवाय केस वळत नाहीत.

ओप्रा विन्फ्रीचे केस करणाऱ्या आंद्रे वॉकर यांनी केसांची एक प्रतवारी काढली: १ म्हणजे सरळ, ४ म्हणजे अगदी घट्ट वेटोळी, आणि मध्ये अ, ब, क. आता समारंभात दोन कुरळ्या बायका भेटल्या की पाणी प्यायच्या आधी विचारतात, ‘‘तुमचं काय? ३-ब? अय्या, आमचंही!’’ गोत्र, देवक, कुलदैवत सगळं त्यात आलं.

पावसाळ्यात मात्र कुठलीच प्रत टिकत नाही. हवेतलं पाणी केसात शिरतं, केस फुगतो, लांबतो. १७८३ साली जिनिव्हाच्या ओरास बेनेदिक्त द सोस्यूर याने यावरूनच माणसाच्या केसाचं आर्द्रतामापक यंत्र बनवलं. कोरड्यातून पूर्ण दमट हवेत गेला की केस दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो, त्यावर काटा हलतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्यांच्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. आमच्या सोसायटीत आता तिथल्या अंदाजाला फार मान नाही. जूनमध्ये सकाळी गॅलरीत आले की खालून काका वर बघतात आणि छत्री आणायला परत आत जातात.

परवा भुवया करायला पार्लरमध्ये गेले. नवी मालकीण आहे. तिने माझी एक बट बोटावर घेतली, ताणली, सोडली. बट टुणकन जागेवर गेली.

‘‘मॅडम, हे पर्मिंग कुठे केलंत? फारच नॅचरल आलंय.’’

‘‘घरीच.’’

‘‘प्रॉडक्ट कुठलं?’’

‘‘जवस.’’

तिने मोबाइल काढून लिहून घेतलं. ‘‘हा ब्रँड ऐकला नाही. मिळतो कुठे?’’

‘‘मार्केट यार्डात. किलोवर.’’

‘‘आणि एक्स्पायरी?’’

‘‘फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडा.’’

‘‘फक्त आठवडा?’’ तिने मान डोलावली. ‘‘मग इम्पोर्टेड असणार.’’