सतरावी काडी

सांगतो, पण आमच्या घरी हा विषय काढू नका.

अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर प्रदर्शन लागलं की आम्ही नवरा-बायको जातोच. ती वस्तू बघायला जाते, मी किमती बघायला. त्या वर्षी मेळघाटातल्या बांबूकामाचा एक स्टॉल होता. राख्या होत्या, ट्रे होते, आणि मधोमध एक दिवा लटकत होता. त्याच्या विणीतून उजेड झिरपून खालच्या सतरंजीवर जाळीची नक्षी पडली होती. बायको त्या नक्षीत उभी राहून म्हणाली, ‘अहो, अकोल्याला वन्संच्या वास्तुशांतीला हाच नेऊ.’ मी चिठ्ठी उलटून पाहिली. १८०० रुपये.

‘बांबूचे एवढे?’ मी स्टॉलवरच्या पोराला म्हणालो. त्यानं शांतपणे समजावलं, की काका, तीन वर्षं पुरा झालेलाच बांबू आमी तोडतो, तोही पावसाळा सरल्यावर. मंग बोरॅक्स आन् बोरिकच्या पाण्यात बुडवून ठेवतो, वाळवतो, तवा कुठं काम सुरू होते. कोवळ्या बांबूत पिठूळपणा असते, किड्याले तो लय आवडते. आणि जाता जाता म्हणाला, ‘तसं हे झाड नाई काका, गवत हाये.’

गवत! आता मला कोण आवरणार? २०१७ साली कायदा बदलेपर्यंत शेताच्या बांधावरचा बांबूसुद्धा सरकारदप्तरी झाडच होता, हे मला माहीत होतं. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं, तिथं कोरकू माणसं या कामात तयार झाली, हेही पेपरात वाचलं होतं. वाचलेलं सगळं आपल्याला येतं असा माझा जुना समज आहे. ‘गवताचे १८०० कशाला द्यायचे? एवढं तर मी घरी करीन,’ मी चारचौघांत म्हणालो.

‘करा,’ बायको म्हणाली.

या एका शब्दावर माझे पुढचे तीन आठवडे गेले. बुरुडाच्या दुकानातून एक हिरवागार, तुकतुकीत बांबू आणला, कारण तो दिसायला छान होता आणि स्वस्त होता. वय विचारायचं राहिलं. तो सायकलला बांधून आणताना राजकमल चौकात वळलो तेव्हा पुढचं टोक वळलं आणि मागचं वळलंच नाही, त्यामुळे एका गिलावड्याच्या गाडीवरचं चटणीचं पातेलं माझ्या खात्यावर जमा झालं. मग गच्चीत बसून कोयत्यानं चिरायला घेतला. बांबू सरळ चिरतो असं म्हणतात. तो पेरापर्यंत सरळ आला आणि पेराशी माझ्या अंगठ्याकडे वळला. फास गेली ती अशी, की बायको चिमटा घेऊन, शेजारचे काका चष्मा घेऊन आणि काकू सल्ला घेऊन आल्या. फास निघाली, सल्ला अजून आत आहे.

कशाबशा सोळा उभ्या काड्या काढल्या आणि विणायला बसलो. एक आत, एक बाहेर, एक आत, एक बाहेर. फेरी पुरी झाली, दुसरी सुरू केली, तर पहिल्या फेरीत जी काडी आत होती ती दुसऱ्या फेरीतही आतच. वीण काही धरेना. खालून दाबलं की सगळं वर सरकायचं, वरून दाबलं की माझ्या मांडीत शिरायचं. चार दिवस हे चाललं. शेवटी ते भेंडोळं घेऊन त्याच बुरुडाच्या दुकानात गेलो. तिथं एक म्हातारी मावशी सूप विणत बसल्या होत्या. त्यांचे हात चालू, नजर रस्त्यावर.

‘उभ्या काड्या किती घेतल्या भाऊ?’

‘सोळा.’

‘एक कमी करा नाई तं एक घाला. विषम लागते. तवा दुसऱ्या फेरीले आतली बाहेर येते.’ मग हात न थांबवता विचारलं, ‘नोकरी कुठं होती?’

‘बँकेत. पस्तीस वर्षं.’

‘बाप्पा! मंग मोजून काय रायले होते?’

काय सांगणार? जन्मभर दोन्ही बाजू सारख्या जुळवल्या, म्हणून सोळा घेतल्या होत्या. आता सतरावी काडी हवी होती आणि बांबू तर संपला होता. मच्छरदाणीच्या चार काठ्यांपैकी एक, माझ्या सासऱ्यांच्या काळातली, तेवढी जाड नको असा विचार करून मी तिची एक बाजू चिरून घेतली. घरी कळवलं नाही.

दिवा झाला. बडनेऱ्याहून गाडीत बसलो, तो मांडीवर. मूर्तिजापूरला एक गृहस्थ चढले, बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘काऊन हो भाऊ, कोंबड्या इकून आले का?’

अकोल्यात मात्र धाकट्या बहिणीला भरून आलं. दादानं स्वतःच्या हातानं केलं म्हणून जावईबापूंनी तो जेवायच्या टेबलावरच टांगला. मी आलेल्या प्रत्येकाला त्याखाली उभं केलं. ‘हे झाड नाही बरं का, गवत आहे,’ असंही सांगितलं.

दोन-अडीच महिन्यांनी बहिणीचा फोन आला. ‘दादा, वरणावर रोज पिवळं पिवळं काहीतरी पडून रायलं.’

‘हिंग जास्त झाला असेल,’ मी म्हणालो.

मग स्वतः गेलो. रात्री सगळे झोपल्यावर पंखा बंद करून दिव्याखाली बसलो, तर वरून बारीक कुरकुर ऐकू येत होती, अगदी बँकेत जुना प्रिंटर चालावा तशी. काड्यांना टाचणीएवढी भोकं, आणि प्रत्येक भोकाखाली पिठाची इवलीशी रास. महिनाभर त्या घरानं माझा दिवा वरणासोबत खाल्ला होता. जावईबापू एवढंच म्हणाले, ‘चव काही वेगळी लागली नाही.’

आता टेबलावर विकतचा दिवा आहे. तो कुठून आणला, कितीला आणला, हे मी विचारलं नाही. घासाघीस केली नाही, असं बहिणीनं आपणहून सांगितलं. माझा दिवा अंगणात कढीपत्त्याच्या रोपावर उलटा घातला होता, शेळ्यांपासून राखण म्हणून. गेल्या आठवड्यात शेळीनं कढीपत्ता खाल्ला आणि सोळा काड्याही खाल्ल्या. गवतच ते.

सतरावी काडी तेवढी शाबूत आहे. पुढच्या खेपेला अकोल्याहून ती परत आणायची, मच्छरदाणी एका बाजूला कलली आहे, असं घरून सांगणं आहे.