नाव लावून घ्या

भाड्याच्या खोलीची जाहिरात वाचताना शेवटची ओळ आधी वाचा. बार्सिलोना घ्या, वलेन्सिया घ्या, माद्रिद घ्या. खोली उजेडाची, मेट्रो पाच मिनिटांवर, स्वयंपाकघर वापरायला मोकळं, आणि तळाशी बारीक अक्षरात: या पत्त्यावर नाव नोंदवता येणार नाही.

नगरपालिकेच्या खिडकीवर त्या ओळीला काडीची किंमत नाही. तरी माणसं तिच्यापुढे मान तुकवतात, कारण खोली मिळणं मुश्कील आणि नव्याने आलेल्याला कायदा ठाऊक नसतो. म्हणून या आठवड्याचं सदर त्या एका ओळीवर.

नोंद कसली? पाद्रोनची. पाद्रोन म्हणजे नगरपालिकेची, इथल्या भाषेत आयुन्तामिएन्तोची, रहिवाशांची वही. आपल्याकडे सातबाऱ्याला नाव लागतं, तसं इथे पाद्रोनला लागतं. सातबाऱ्याला जमीन असावी लागते, पाद्रोनला नुसतं राहणं पुरतं. १९८५ चा स्थानिक शासनाचा कायदा सांगतो की स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने, आपण नेहमी जिथे राहतो तिथल्या पाद्रोनमध्ये नाव नोंदवलंच पाहिजे. ही सवलत नाही, कर्तव्य आहे. व्हिसा चालू आहे की संपलाय, कार्ड हातात आहे की नाही, हे त्या खिडकीवरच्या माणसाने बघायचं नसतं. तुम्ही कोण आणि राहता कुठे, एवढंच त्याने विचारायचं. फी शून्य.

मग घरमालक आडवा का येतो? बहुतेक वेळा भाडं रोखीत घेतलेलं असतं आणि करखात्याला दाखवलेलं नसतं. एका घरात कागदावर चार आणि प्रत्यक्षात नऊ माणसं झोपत असतात. किंवा भाडेकरूचं नाव लागलं की तो डोक्यावर बसेल ही भीती असते. यातलं एकही कारण तुमचं नाही. करार तुमच्या नावावर असेल तर पाद्रोनसाठी मालकाची परवानगी लागत नाही. करारात ‘नोंद करणार नाही’ असं कलम घुसडलं असलं तरी ते नगरपालिकेला बांधत नाही. करार दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची लेखी संमती न्या. तीही मिळत नसेल तर मी इथे राहतो हे पालिकेला सांगा आणि पडताळणी करा म्हणा. पालिकांना २०२० साली दिलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की झोपडी, कॅराव्हॅन, गुहा, इतकंच काय, डोक्यावर छप्पर अजिबात नसलं तरी त्या माणसाची नोंद होऊ शकते आणि झाली पाहिजे. गुहेतल्या माणसाचं नाव लागतं. तिसऱ्या मजल्यावर महिन्याच्या महिन्याला भाडं मोजणाऱ्याचं लागत नाही, हे चालवून का घ्यायचं?

असा मालक फक्त भाडेकरूला बुडवत नाही, गावालाही बुडवतो. राज्याच्या करांतला गावाचा वाटा ठरवताना पाद्रोनवरची डोकी मोजतात. १ जानेवारी २०२५ रोजी स्पेनची लोकसंख्या ४ कोटी ९० लाखांच्या पुढे होती, त्यात सुमारे ६९ लाख परकी नागरिक. जी डोकी मोजली गेली नाहीत तीही बसने फिरतात, कचरा टाकतात, मुलं शाळेत पाठवतात. त्यांच्या वाट्याचा पैसा मात्र गावाला मिळत नाही.

माझं पहिलं घर असंच होतं. मालक गोड बोलणारा, दर रविवारी बागेतली लिंबं आणून देणारा. नोंदीचं काढलं की म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. अकरा महिने बघितलं. मुलीच्या शाळेचे अर्ज निघाले. शाळा खिडकीतून दिसायची, घंटा ऐकू यायची, पण जवळ राहण्याचे गुण पाद्रोनवरून मिळतात आणि पाद्रोनच्या लेखी आम्ही त्या गल्लीत नव्हतोच. मुलीला जागा मिळाली दोन बस बदलून जायच्या शाळेत. सहा वर्षांच्या पोरीने ते वर्षभर सोसलं. मालकाशी भांडण नको म्हणून मी गप्प बसले, त्याची किंमत तिने मोजली. तेव्हा मला कोणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी सांगते आहे.

दवाखान्याचंही तेच. २०१२ साली सरकारने एका हुकमाने कागद नसलेल्या परदेशी माणसांना सरकारी आरोग्यसेवेतून बाहेर काढलं आणि २०१८ मध्ये पुन्हा आत घेतलं. दार आज उघडं आहे, पण आपण इथे राहतो हे दाखवायला सगळे आधी पाद्रोनचाच कागद मागतात.

आणि मुक्कामाचा परवाना. इथल्या कायद्यात एक शब्द आहे: आर्राइगो. अर्थ, मूळ धरणं, रुजणं. कागद नसलेला माणूस काही वर्षं इथे राहिला आणि रुजल्याचं दाखवू शकला तर त्याला परवाना मागता येतो. परदेशी नागरिकांसाठीचे नवे नियम २० मे २०२५ पासून लागू झाले आणि त्यात ही मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली. आश्रयाचा अर्ज चालू असतानाचा काळ त्यात धरत नाहीत, हे आश्रय मागितलेल्यांनी नीट लक्षात ठेवावं. दोन वर्षं राहिल्याचे इतर पुरावेही चालतात: दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पैसे पाठवल्याच्या पावत्या, बसचा नावाचा पास. पण या चिटोऱ्यांचं गाठोडं बांधत बसण्यापेक्षा पाद्रोनचा एक दाखला भारी. तुम्ही कधीपासून कुठे कुठे राहिलात हे सगळं सांगणारा दाखला मागा. त्याला ‘इस्तोरिको’ म्हणतात.

याहून मोठा धडा वलेन्सियाने शिकवलाय. २९ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी पाइपोर्ता, कातार्रोखा आणि आसपासच्या गावांत पाण्याचा लोंढा शिरला. लोकांच्या मोबाइलवर धोक्याचा इशारा आला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी; तोवर अनेक गल्ल्यांत पाणी चढलेलं होतं. २२० हून अधिक माणसं गेली. त्या गावांत कागद नसलेले पुष्कळ परदेशी मजूर राहत होते, आणि चिखल उपसायला तेही उभे होते. पुढे २०२५ च्या सुरुवातीला सरकारने पूरग्रस्त परदेशी रहिवाशांसाठी खास परवाना दिला: एक वर्षाचा, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना पाच वर्षांचा. तुम्ही त्या गावचे हे ठरवायला काय मागितलं? पाद्रोन. ज्यांच्या मालकाने ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं होतं त्यांचा विचार करा. त्यांच्याही घरात पाणी शिरलं होतं.

नगरपालिकाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. कातालोनियातल्या विक गावाने २०१० मध्ये ठरवलं होतं की कागद नसलेल्यांची नोंद करायची नाही. सरकारच्या वकिलांनी सांगितलं, नोंद करावीच लागेल. गावाला निर्णय मागे घ्यावा लागला. दार अडवायची रीत त्यानंतर बदलली. आता तोंडावर नाही म्हणत नाहीत, आणखी एक कागद मागतात. हा कागद आणा, तो आणा, वेळ पुन्हा घ्या. असं झालं तर नकार लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बरेचसे जास्तीचे कागद लागेनासे होतात.

वेळ म्हणजे थीता प्रेव्हिया, आधी घेतलेली भेटीची वेळ. पाद्रोनसाठी ती पालिकेत मिळते. बोटांचे ठसे आणि ओळखपत्र, म्हणजे टीआयई, यासाठी पोलिसांकडे घ्यावी लागते. ही वेळही फुकट असते, आणि तरी ती विकली जाते. २०२३ मध्ये राष्ट्रीय पोलिसांनी ६९ जणांना पकडलं. संगणकाच्या प्रोग्रॅमने सगळ्या वेळा अडवून ठेवायच्या आणि ३० ते २०० युरोंना विकायच्या, असा धंदा होता. रेल्वेची तिकिटं काळ्या बाजारात विकणाऱ्या दलालांना आपण शिव्या देतो. हे त्यांचेच भाऊबंद. पण दोष फक्त विकणाऱ्यांचा नाही. फुकट वस्तू सरकारने वेळेवर दिली असती तर ती विकत घ्यायला कोण गेलं असतं?

आता आपल्या माणसांबद्दल, कारण ते टाळून लिहिणं खोटेपणा होईल. आपल्या देशातून आलेले, आधी स्थिरावलेले काही लोक नव्या पोरांना ‘पाद्रोन देतो’ म्हणून पैसे घेतात. पोरगा झोपतो एकीकडे, नाव लागतं भलतीकडे. ही मदत नव्हे. खोटी नोंद उघडकीला आली की ती रद्द होते, साठवलेला काळ जातो, आणि परवान्याच्या अर्जावर संशयाचा शिक्का बसतो. पैसे घेणारा तेव्हा फोन उचलत नाही.

दुसरे फुकट सल्ला देणारे. ‘पाद्रोन करू नकोस, टॅक्स लागेल.’ करासाठी तुम्ही रहिवासी आहात की नाही, हे मुख्यतः वर्षातले १८३ दिवस आणि तुमची कमाई कुठली यावर ठरतं. पाद्रोनवर नाही. ‘पोलिस घरी येतील.’ यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही: २००३ च्या कायद्यातल्या बदलाने पोलिसांना ही वही बघायची मुभा दिली. ती तरतूद वाईट आहे असं माझं मत आहे. शाळा आणि दवाखान्याच्या वहीत पोलिसाचं काम काय? पण या भीतीने नाव न लावणाऱ्याचं दोन वर्षांत काय काय जातं, ते वर मोजून सांगितलंय.

नाव लागलं की काम संपलं असंही नाही. युरोपियन संघाबाहेरचे आपण, आणि दीर्घ मुदतीचा परवाना नसेल, तर ही नोंद दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. नाही केली तर ती गळते, आणि पालिकेचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. गॅसच्या नंबराशेजारी लिहा.

आणि नाव बरोबर लागलंय का, ते बघा. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, साधारणपणे पहिलं बापाचं, दुसरं आईचं. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं दिसली की कारकून मधलं पद पहिलं आडनाव समजतो. तुम्ही पाटील, वडील रमेश; पण दवाखान्यात हाक येते ‘सेन्योर रमेश’, आणि तुम्ही बसून राहता. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे हाल वेगळेच, कारण इथली बाई लग्नाने आडनाव बदलत नाही. जन्मदाखला एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा का, हे खिडकीवर कोणाला कळतच नाही. एका कागदावर आडनाव रमेश, दुसऱ्यावर पाटील, की कायद्याने दोन माणसं झाली. ती पुन्हा एक करायला महिने जातात. छापलेला कागद खिडकीवरच पासपोर्टशी ताडून बघा. मागची रांग थांबू द्या.

आपल्या मजल्यावर गोव्याचं एखादं कुटुंब असेल, पोर्तुगीज पासपोर्टवाले. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ते नागरिकत्व घेता येतं, भारताचं सोडून. ते इथे युरोपचे नागरिक. इच्छा नोंदवली की मे २०२७ च्या नगरपालिका निवडणुकीत मतही देतील. सांगलीच्या माणसाला ते मत नाही, कारण भारताचा स्पेनशी तसा करार नाही. स्पॅनिश नागरिकत्व मागायला त्याला दहा वर्षांचा कायदेशीर मुक्काम लागतो, पोर्तुगीज नागरिकाला दोन वर्षांचा. तोवर या गावात सांगलीच्या माणसाचं नाव लागेल अशी जागा पाद्रोन. तीही मालकाच्या मर्जीवर सोडायची?

पुण्यात आमचा एक फ्लॅट अकरा महिन्यांच्या कराराने दिलेला असायचा. भाडेकरूने आधारवर हा पत्ता घालू का म्हणून विचारलं की वडील नको म्हणायचे, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आता वाटतं. तो मुलगा नांदेडचा होता.

माझ्या खालच्या मजल्यावर एक साताऱ्याचा मुलगा राहायला आलाय, उपाहारगृहात भांडी घासतो. करार त्याच्या नावावर आहे, जाहिरातीत तीच ओळ होती. मंगळवारी साडेनऊची वेळ घेतलीय, फुकट, पालिकेच्या फोनवरून. पासपोर्ट, करार, भाड्याची शेवटची पावती, तिन्हीच्या प्रती काढून झाल्यात. मी सोबत जाणार आहे. त्याच्या वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं नाही ना, ते मी वाचून बघीन.