कपातीची गोड बातमी

चॉकलेटचं रेशन आठवड्याला ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आलं. दुसऱ्याच दिवशी, ते २० ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ हुकूमशहा बिग ब्रदरचे आभार मानायला मोर्चे निघाले! जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ कादंबरीतली ही प्रजा. कपात होणार नाही, असं आश्वासन विपुलता मंत्रालयाने आधी दिलेलं असतं; पण त्याची काळजी नको. सत्य मंत्रालयातला विन्स्टन स्मिथ वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात घुसून त्याच आश्वासनाचा इशारा करून ठेवतो.

अशा राज्यात प्रेम हा गुन्हा आहेच. पण विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया त्याला चोरून भेटायला येते ती हत्यारांची पिशवी घेऊन. वरचे पाने, स्क्रूड्रायव्हर बाजूला झाले की खालून निघतं काय? खरी साखर, पांढरा पाव, जॅम, दुधाचा डबा, चहा आणि किलोभर अस्सल कॉफी. हा सगळा माल सत्ताधारी पक्षाच्या वरच्या वर्तुळाचा. त्यागाची प्रवचनं बाकीच्यांसाठी. कॉफी उकळू लागते आणि दोघं घाईघाईने खिडकी लावून घेतात, कारण वास रस्त्यावर गेला तर कुणीतरी चौकशीला यायचं. मिठीला वास नसतो, तेवढीच सोय.

ऑर्वेलला यासाठी कल्पनेला फार ताण द्यावा लागला नसावा. त्याची पत्नी आयलीन युद्धकाळात ब्रिटनच्या अन्न मंत्रालयात नोकरीला होती; आहे त्या शिध्यात भागवायचं कसं, हे सांगणाऱ्या रेडिओ कार्यक्रमाचं काम ती करायची. महायुद्धभर मोकळा असलेला पाव १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध जिंकल्यावर, रेशनवर गेला. गोळ्या-चॉकलेटं एप्रिल १९४९ मध्ये मोकळी झाली, लोक तुटून पडले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा कुपनं आली. मधल्या जूनमध्ये ‘१९८४’ प्रसिद्ध झाली. मुहूर्त साधावा तर असा.

खाण्यापिण्यात हुकूमशाही ऑर्वेललाही वर्ज्य नव्हती. जानेवारी १९४६ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्याने चहाचे ११ नियम छापले, तेही चहा रेशनवर असताना. अकरावा नियम: चहात साखर नाही म्हणजे नाही. विन्स्टनला मात्र साखर घातलेल्या कॉफीचा रेशमी घोट चवीहूनही जास्त आवडतो. तिथे लेखकाने सूट दिली. कॉफी नियमावलीत बसत नव्हती.